साडेपंचवीस इंची चाक

पाचवं कलम सोडलं तर तो आदेश फार प्रेमळ होता.

पहिल्या कलमात माझ्या बायकोला, विमलला, चिंचेच्या वाडीच्या शाळेत शिक्षिका नेमल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात पगार होता. तिसऱ्यात हजर होण्याची वेळ: सोमवार, २३ जानेवारी १९५६, सकाळी साडेदहा. चौथ्यात जरा दटावणी होती, की वेळेवर हजर न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. आणि मग:

"५. सदर वाडीवर राहण्याची सोय नसल्याने शिक्षिकेजवळ स्वतःचे वाहन असणे व ते चालू स्थितीत असणे आवश्यक आहे. याची खातरजमा तपासनीस हजर होण्याच्या दिवशी शाळेत समक्ष करतील."

विमल या नोकरीसाठी चार वर्षं अर्ज करत होती. प्रत्येक अर्जाची नक्कल ती तांदळाच्या डब्याखाली ठेवायची. डबा आता सरळ उभा राहत नव्हता.

आदेश आला गुरुवारी, बारा तारखेला. पोस्टात मीच गेलो होतो. वाचला, पुन्हा वाचला, खिशात घातला आणि सायकलवर टांग मारली. वाहनाची काळजी मला नव्हती. वाहन माझ्या बुडाखालीच होतं. चिंचेची वाडी इंदापूरपासून निरवांगीच्या वाटेवर पाच मैल. विमल मागं कॅरिअरवर बसेल, मी सोडून येईन, संध्याकाळी आणीन. हे सगळं मी कचेरीच्या चौकापर्यंत ठरवून टाकलं. आनंदात माणूस जरा जोरात पायडल मारतो. चौकात मागचा टायर असा फुटला, की कचेरीच्या ओट्यावरचे दोन शिपाई आणि एक फिर्यादी एकदम खाली बसले.

पंचनामा

आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी मोजणीदारसाहेबांच्या अंगणात समक्ष पाहिले असता सायकलीचा मागील टायर एका जागी वीतभर फाटलेला दिसला. ट्यूब बाहेर आलेली दिसली. पुढील व मागील दोन्ही टायरांवर माप लिहिलेले असते तो भाग झिजून गुळगुळीत झालेला दिसला. कोणता आकडा होता हे सांगता येत नाही. विमलबाईंनी भिंग आणून पाहिले. त्यांनाही दिसला नाही.

पंच १: मोहनराव, निवृत्त हेडक्लार्क, शेजारी.
पंच २: रंगूबाई, पेरूबागवाल्या, पलीकडच्या शेजारी. (अंगठा देण्यास नकार. "टायर फुटला त्याला अंगठा कशाला? फुटल्यालं दिसतंय की.")

मोजणी

मी तालुक्याच्या मोजणी खात्यात मोजणीदार. भावाभावांत बांध कोरण्यावरून डोकी फुटली की मला बोलावतात. मी साखळी टाकतो, खुणा घालतो, नकाशावर रेघ ओढतो. मग ते दोघे भाऊ भांडण विसरतात आणि माझ्याविरुद्ध एकत्र अर्ज करतात. असे सतरा अर्ज आजवर झाले, आणि सतराही वेळा माझं माप बरोबर निघालं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे घडलं ते समजायला हे माहीत असावं लागतं.

इंदापुरात तेव्हा सायकली भाड्यानं देणारं एक दुकान होतं, पण त्याच्याकडं टायर नव्हता. टायरला बारामती. आणि बारामतीला जायचं म्हणजे माप हवं. मी खात्याची पोलादी टेप काढली. चाकाच्या एका कडेला मोहनरावांनी टोक धरलं, दुसऱ्या कडेला मी डोळा लावला.

"साडेपंचवीस इंच," मी म्हणालो.

"पुन्हा घ्या," मोहनराव म्हणाले. चौतीस वर्षं ते प्रत्येक कागद परत पाठवत आले होते.

पुन्हा घेतलं. आडवं घेतलं, उभं घेतलं, तिरकं घेतलं. साडेपंचवीस. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

रंगूबाई कुंपणाशी पेरू निवडत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, माप कशापायी? चाकच घिऊन जा की बारामतीला."

"रंगूबाई, शेताचा वाद असला तर आम्ही शेत उचलून कचेरीत नेत नाही. नकाशा नेतो."

"शेत उचलत न्हाय म्हनून न्हेत न्हाय. ह्ये तर येका हातानं उचलतंय."

मी हसलो. अडाणी माणसाशी वाद घालू नये एवढं खात्यानं शिकवलं होतं. विमल हसली नाही. ती म्हणाली, "अहो, काय हरकत आहे नेलं तर?"

"एस.टी.त मांडीवर चाक घेऊन बसू? उद्या मला कोण मोजणीदार म्हणेल?"

बारामती, पहिल्यांदा

रविवार, पंधरा तारीख. पेठेतलं केशवशेठचं दुकान. टायर छताला टांगलेले, एकात एक अडकवलेले, जणू सगळ्या तालुक्याच्या बांगड्या.

"साडेपंचवीस इंची टायर द्या."

केशवशेठनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "साहेब, चोवीस आहे, सव्वीस आहे, अठ्ठावीस आहे. साडेपंचवीस कंपनी काढत नाही."

"पण चाक साडेपंचवीसचं आहे."

"चाक आणलंय?"

"माप आणलंय."

"कुणी घेतलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी कार्ड काढून दिलं. त्यानं कार्ड वाचलं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"साहेब, टायरवरचा आकडा चाकाचा नसतो. टायर घातला, हवा भरली, की बाहेरून बाहेर जेवढं होतं तेवढा…"

मी त्याला तिथंच थांबवलं. दुकानदार गिऱ्हाईकाला घोळात घेतो तो असाच. मी त्याला हिशेब समजावून दिला: साडेपंचवीसला जवळचा आकडा सव्वीस, वरचा अर्धा इंच रबराच्या जाडीचा. यात शंकेला जागा कुठं? आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी माना हलवल्या. मी आणखी रंगात आलो आणि मापात चूक कशी होते, ती कशी टाळावी, यावर थोडं बोललो. एक जण उठून गेला, पण बाकीचे ऐकत होते.

"घ्या मग सव्वीस," केशवशेठ म्हणाला. "पण एकदा चाकावर चढवायला घेतला की परत घेणार नाही."

"प्रश्नच येत नाही," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत टायर गळ्यात अडकवून बसलो होतो. हारासारखा वाटत होता.

सोमवार, सोळा तारीख. अंगण. पात्रं तीच.

(टायर चाकावर अर्धा बसला आहे. उरलेला अर्धा हवेत.)

मोहनराव: रबर आहे, ताणतं.

मी: ओढा.

मोहनराव: ओढतोच आहे.

मी: अजून.

(मोहनरावांचा हात सुटतो. टायर त्यांच्या चष्म्याला लागतो.)

विमल: अहो, लहान आहे तो.

मी: लहान कसा असेल? मी मोजलंय.

रंगूबाई: तान्ह्या लेकराचं टोपडं बाप्याच्या डोक्याला घालताय तुमी.

(पडदा नाही, त्यामुळं सगळे तिथंच उभे राहतात.)

विमल घरात गेली. थोड्या वेळानं मीही गेलो. ती डब्याखालच्या अर्जांच्या नकला काढून जमिनीवर नीट लावत होती, एकावर एक, कडा जुळवून. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आठ दिवस आहेत अजून," मी म्हणालो.

"सात," ती म्हणाली.

मध्येच एक अर्ज

"मा. साहेब यांचे सेवेशी,

विनंती अर्ज करितो की, माझे सायकलीचे चाकाचे तातडीचे कामाकरिता मला बारामती येथे जाणे भाग असल्याने शनिवार ता. २१ ची किरकोळ रजा मिळावी."

शेरा, हेडक्लार्क: रजेच्या कारणांत 'चाक' हे कारण आढळत नाही. 'आजारपण' किंवा 'लग्नकार्य' यांपैकी एक लिहावे.

मी 'आजारपण' लिहिलं.

शेरा, हेडक्लार्क: कोणाचे?

मी 'घरातले' लिहिलं. ते खोटं नव्हतं. मागच्या चाकावाचून सायकल अंगणात गुडघ्यावर बसल्यासारखी दिसायची.

शेरा, साहेब: मंजूर. मात्र मोजणीदारांनी स्वतः माप घेऊन एकदा बारामतीस जाऊन आल्यावर पुनश्च जाण्याचे कारण काय, हे समक्ष सांगावे.

समक्ष सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त खिडकीकडं तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलले. तो शेरा कागदावर नव्हता, पण माझ्या नोकरीतला तो सगळ्यात वाईट शेरा.

हे सगळं व्हायला शुक्रवार उजाडला.

लासुर्णे

शनिवारी मी चाक घेऊन निघालो. होय, मांडीवर. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं विचारलं, "रहाटाचं का?" मी "व्हय" म्हणालो. सव्वीसचा टायरही बरोबर होता. केशवशेठच्या पाया पडून बदलून घ्यावा असा विचार होता. पाया पडायचं मी मनाशी गाडी सुटतानाच ठरवलं होतं, म्हणजे पोचेपर्यंत सवय व्हावी.

लासुर्ण्याला गाडी थांबली. रस्त्याकडेलाच आबासाहेबांचं गुऱ्हाळ. मागच्या वर्षी मी त्यांचा बांध मोजला होता आणि, काय सांगू, त्यांनी माझ्याविरुद्ध अर्ज केला नव्हता. त्यांनी खिडकीतून मला पाहिलं.

"मोजणीदार! उतरा खाली. रस पिल्याबिगर जायचं न्हाय."

"आबासाहेब, गाडी जाईल."

"जाऊंद्या. तासाभरानं दुसरी हाय. आन् ह्ये चाक कुनाचं?"

उतरलो. रस प्यालो. चाकाची सगळी कथा सांगितली. रस पिताना माणूस खरं बोलतो, हे माझं निरीक्षण आहे. ऐकणाऱ्यांत गावचा लोहार महिपती होता. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. त्यानं टायर घेतला, चाकावर ठेवला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"सायेब, ह्यात काय बिगाडलंय? धाव चाकापरीस बारीकच असती."

"म्हणजे?"

"आमी धाव करतो ती चाकापरीस बोटभर कमीच. मग तापवायची. तापली की वाढती. वाढली की चाकावर सोडायची, वर पानी वतायचं. आवळून बसती ती जल्मात निघत न्हाय. ही तुमची रबरी धाव हाय. तापवलीत का?"

उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात. मी शाळेत याच प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. हे केशवशेठला कसं माहीत असणार? तो दुकानदार. हे माहीत असतं लोहाराला, किंवा शिकलेल्या माणसाला. आणि इथं दोघंही हजर होते.

"पण रबर जळेल," मी शास्त्रीय शंका काढली.

"भट्टीत जळंल. उकळत्या पान्यात कशापायी जळंल?"

टायर मावेल एवढं भांडं लासुर्ण्यात एकच होतं: रस आटवायची काहील. नुकतंच एक आधण उतरलं होतं, आणि काहील धुवायला तिच्यात पाणी घालून खाली जाळ ठेवला होता. पाणी उकळत होतं. गुळव्या मात्र आडवा आला. गूळ कधी उतरवायचा हे नुसत्या वासावरून सांगणारा तो माणूस.

"आबासाहेब, माझ्या काहिलीत रबर घालायचं न्हाय."

"आरं, सरकारी मानूस हाय."

"सरकारी असंल. वास माझ्या गुळाला यील."

पण तोवर महिपतीनं टायर बांबूला अडकवून आत सोडला होता.

पाव तास उकळला. बाहेर काढला तेव्हा तो काळा राहिला नव्हता, तांबूस आणि चकचकीत झाला होता. काहिलीच्या तळाचा पाक त्याच्यावर चढला होता. मऊ झाला होता हे मात्र खरं. महिपती ओरडला, "धरा!" दोघांनी चाक धरलं, दोघांनी टायर, महिपतीनं दोन पहारी घातल्या, आणि देवाशपथ सांगतो, तो चढायला लागला. पाऊण चढला. मी "शाबास" म्हणालो.

तटकन आवाज झाला. टायरच्या कडेत एक पोलादी तार असते. ती तुटली. टायरानं महिपतीला सोडलं, मला सोडलं आणि उसाच्या चिपाडांच्या ढिगावर जाऊन पडला.

मग गुळव्यानं काहिलीतलं पाणी उपसून पुढच्या आधणाचा रस ओतला, वाफ नाकाशी घेतली आणि म्हणाला, "आता ह्या गुळात हवा भरून इकावा लागंल."

आबासाहेब हसत सुटले. ते हसले म्हणून सगळे हसले. मी हसलो नाही. मी चिपाडावर बसलो आणि त्यांना पाचवं कलम सांगितलं. सोमवारी साडेदहा. पुढचं नाव यादीत आहे. चार वर्षांचे अर्ज. हसणं हळूहळू थांबलं.

महिपती समोर उकिडवा बसला. "चूक तुमची न्हाय, माझी बी न्हाय. धावच चुकीची हाय. माप कसं घेतलंत?"

मी दाखवलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, टेप ताणून.

"आरपार?"

"आरपार."

"चाक आरपार कुठं फिरतंय सायेब? घेरानं फिरतंय."

त्यानं खिशातून मेण चोळलेला दोरा काढला. रिमेच्या वरच्या कडेवरून नाही, कडेच्या आत, जिथं टायरची तार टेकते त्या खाचेतून, तो बोटानं दाबत दाबत सबंध फिरवला. जिथून सुरू केला आणि जिथं संपला तिथं दोन गाठी मारल्या. "ह्यो दोरा टायरच्या आतल्या कडंनं फिरवा. गाठीला गाठ भिडली तर घ्या. आकडा बघूच नगा."

माझ्या कमरेला खात्याची पोलादी टेप होती. मी तिच्यावरून कोट ओढून घेतला.

पुढच्या गाडीत चाक चढवताना कंडक्टरनं हात आडवा केला. चाक गुळानं माखलं होतं आणि त्याच्याभोवती गांधीलमाश्या फिरत होत्या.

"चाकाचं लगेज घेईन साहेब. ह्या माश्यांची तिकिटं कोण काढणार?"

चाक महिपतीकडं धुवायला ठेवलं आणि दोऱ्यानिशी बारामतीला गेलो. म्हणजे हाती पुन्हा मापच. पण या वेळी तसं म्हणायची छाती नव्हती.

बारामती, दुसऱ्यांदा

दोरा मी खिशात खोल ठेवला होता. भरल्या दुकानात दोरा काढणं शक्य नव्हतं. लासुर्ण्यापासून विचार करून एक गोष्ट कळली होती: सव्वीस लहान झाला, म्हणजे अठ्ठावीस. यात शंकेला जागा कुठं?

"अठ्ठावीसचा टायर द्या."

"कुठला अठ्ठावीस?"

"कुठला म्हणजे?"

केशवशेठनं तीन टायर काढून फळीवर ठेवले. "हा अठ्ठावीस. हाही अठ्ठावीस. हाही अठ्ठावीसच."

"मग तिन्ही सारखे."

"आकडा सारखा. जाडी वेगळी, म्हणून आतला घेर वेगळा. एकाच्या चाकावर दुसरा बसत नाही. साहेब, चाक आणलंय का?"

मी तिन्ही टायर उलटेपालटे करून पाहिले. आमच्या खात्यात एकर म्हणजे एकर. इंदापुरातला एकर डाळजच्या एकराएवढाच असतो. नसता तर सरकार चाललं नसतं. इथं एकाच आकड्याचे तीन निघतात आणि दुकान चालतं!

घड्याळात साडेतीन झाले होते. शेवटची गाडी पाचला. उद्या रविवार, परवा सोमवार. मला जमिनीवर मांडलेल्या नकला आठवल्या, कडा जुळवून ठेवलेल्या. मी खिशात हात घातला आणि दोरा काढून फळीवर ठेवला.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. केशवशेठ हसला नाही. त्यानं दोरा उचलला, नखानं मेण पाहिलं, गाठी पाहिल्या आणि पहिल्या टायरच्या आतून फिरवला. दोन गाठींत तीन बोटांचं अंतर राहिलं. दुसऱ्यात गाठीवर गाठ चढून दोरा उरला. तिसऱ्यात गाठ गाठीला येऊन टेकली, अगदी हळू, दोघं ओळखीचे भेटावेत तशी.

"हा तुमचा. अठ्ठावीस-दीड," तो म्हणाला. "माप घेणारा मात्र जाणकार आहे. तुमच्या खात्यातला का?"

भरलं दुकान ऐकत होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"लासुर्ण्याचा लोहार आहे," मी म्हणालो. "माझं माप साडेपंचवीसचं होतं."

त्यानं टायर आणि नवी ट्यूब कागदात गुंडाळून दिली. मला वाटतं, कागद तो सगळ्यांना देत नसावा.

सोमवार

शनिवारी परतताना लासुर्ण्याला महिपतीनं धुतलेलं चाक गाडीत आणून दिलं. रविवारी सकाळी टायर बसला. नुसता हातांनी. पहार नाही, पाणी नाही, मोहनरावांचा चष्माही शाबूत. विमलनं अंगठ्यानं दाबून पाहिला. दुपारी दाबला, दिवेलागणीला दाबला. हवा टिकली होती.

सोमवारी आठ वाजता मी टोपी घालून सायकल दारात आणली. कॅरिअरवर जुनं पोतं चौघडी करून बांधलं. साहेबांकडून दोन तास उशिरा यायची परवानगी घेतली होती. विमल बाहेर आली आणि मी पोत्याची दोरी हातात धरून तसाच उभा राहिलो.

विमल नेहमी गोल पातळ नेसायची. आज तिनं काष्टा घातला होता. लुगडं रंगूबाईंचं होतं. काठ मी रोज कुंपणापलीकडं पाहत होतो. पदर कमरेला खोचलेला, पिशवी खांद्याला.

"हे काय?"

"सरका जरा," ती म्हणाली.

तिनं सायकल ओट्याजवळ नेली, ओट्यावर चढली, काष्ट्यातला पाय मधल्या दांड्यावरून पलीकडं टाकला आणि सीटवर बसली. अशी बसली, जणू पाटावरच बसलीय.

"तुला येते?"

उत्तर कुंपणापलीकडून आलं. "आवं सायेब, तुमी कचेरीत आन् बारामतीला चकरा मारत हुता न्हवं, तवा आमी बाईला बागंत शिकवत हुतो. भाड्याची सायकल आनून. तीनदा पडली. माझी दोन पेरूची झाडं गेली."

"चारदा," मोहनराव म्हणाले.

मी मोहनरावांकडं वळलो. "तुम्हीही?"

"मी मागून सीट धरत होतो," ते ओशाळून म्हणाले. "कोणीतरी धरायलाच हवं होतं."

गुरुवारी तिच्या कोपराला हळद लावलेली मी पाहिली होती. 'भिंत लागली,' म्हणाली होती. सबंध आळीला ठाऊक होतं. बांध कुणाचा, ओढा कुणाचा, विहिरीत वाटा कुणाचा, हे सगळं माझ्या वहीत होतं. माझ्याच घरातलं एवढं वहीत नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोजायला बसला असता," विमल म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "अहो, त्यांनी 'स्वतःचं वाहन' असं लिहिलंय. तुमच्या मागं पोत्यावर बसून गेले तर ते तुमचं वाहन झालं. आणि तुमची बदली झाली की माझी शाळा सुटली."

हे मला सुचलं नव्हतं. दहा दिवस मी फक्त चाकाचा विचार करत होतो.

ती निघाली. पहिल्या वळणाला सायकल जरा डुगडुगली, मोहनराव "सरळ बघा, सरळ!" म्हणून ओरडले, आणि ती सरळ बघत दिसेनाशी झाली. मी घरात जाऊन पंप घेतला आणि मागं चालायला लागलो. का, ते मला विचारू नका. पाच मैलांत माणसाला पंप लागू शकतो.

साडेदहाला थोडी मिनिटं असताना वाडीवर पोचलो. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढं कडुनिंब. सायकल निंबाला टेकलेली. तपासनीस, धोतर-कोटातले वयस्कर गृहस्थ, तिच्यापाशी वाकून टायर दाबत होते. विमल शेजारी उभी होती. वाडीतले सगळे लोक पंगतीला बसावेत तसे बांधावर बसले होते.

"चालवून दाखवा," तपासनीस म्हणाले.

इथं ओटा नव्हता. विमलनं इकडंतिकडं पाहिलं, सायकल विहिरीच्या काठाशी नेली, तिथल्या दगडावर चढली आणि सुटली. शाळेला एक वेढा. दुसरा वेढा. दुसऱ्या वेढ्याला तिनं घंटा वाजवली. गरज काहीच नव्हती. बांधावरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

तपासनिसांनी कागद काढला. "चालू स्थितीत आहे. राहिलं मालकीचं. वाहन बाईंचं स्वतःचं आहे, असं कुणीतरी साक्षीदारानं लिहून द्यावं लागेल. सरकारी नोकर असला तर उत्तम." त्यांनी माझ्या टोपीकडं पाहिलं. "आपण?"

"मोजणीदार. इंदापूर."

"वा! बाईंशी आपलं नातं?"

"पती."

"हरकत नाही. आणि सायकल कुणाची?"

पुण्याहून मी ती स्वतः आणली होती. मूठ माझी, घंटा माझी, सीटवरचा खळगा तर निर्विवाद माझा. विमल माझ्याकडं पाहत नव्हती. ती निंबाच्या शेंड्याकडं पाहत होती. आत खोलीत पोरांचा गलका चालला होता आणि फळ्यावर कुणीतरी खडूनं 'बाई' लिहून ठेवलं होतं, चार-पाच वेळा, वेगवेगळ्या आकाराचं.

मी मालकीहक्काचे शेकडो कागद केले आहेत. त्यांत लोक रडलेत, दगड उचललेत, एकानं माझी साखळी विहिरीत टाकलीय. इतक्या सुखासुखी कुणी कब्जा सोडलेला मी पाहिला नव्हता. मी लिहिलं:

"सदर सायकल श्रीमती विमल यांच्या मालकीची व वहिवाटीची असून तीवर अन्य कोणाचाही हक्क नाही."

खाली दोन रेघा ओढल्या आणि सही केली.

तेव्हापासून मी चालतो. त्या आठवड्यात निरवांगीला मोजणी होती. साखळी खांद्यावर टाकून पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. दोन्ही भाऊ बांधावर वाट पाहून कंटाळले होते. थोरला म्हणाला, "सायेब, इतका उशीर? सायकल कुठाय तुमची?"

"शाळेत गेलीय," मी म्हणालो, आणि साखळी सोडली.